दक्षिणेकडे तोंड

"इथं नको आजी, तिकडे कंपाउंडच्या भिंतीजवळ," श्रेयस म्हणाला. "म्हणजे इकडे खुर्च्या अर्धगोल मांडता येतील."

मी कुदळ टेकवली होती ती उचलली नाही. "भिंतीजवळ केली त धूर खिडकीत जाईन," मी म्हटलं. "इथंच करू."

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. कुठल्यातरी थंड देशातलं घर होतं. घरामागे हिरवळ, मधोमध विटांची उंच आगटी, तिला धुराडं, आणि भोवती अंगावर शाली घेऊन बसलेली माणसं. श्रेयस तिला फायरप्लेस म्हणत होता. हिवाळ्यात संध्याकाळी तिच्यापुढे बसायचं, पुण्याच्या मित्रांना हुरड्याला बोलवायचं, आजोबांना शेकायला आणायचं, असं सगळं त्याने ठरवून ठेवलं होतं. मी चित्र नीट पाहिलं. कितीही नटवली तरी चूल होती ती.

श्रेयसचे आजोबा मागच्या ओसरीवर चाकाच्या खुर्चीत बसले होते. लकव्याने उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं. सुधाकर त्यांचं नाव. माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी त्याला भाऊजी म्हणत असे. पुढे मनातल्या मनात त्याला इतर बरीच नावं दिली. ती लिहिण्यासारखी नाहीत.

श्रेयसला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो पुण्यात वाढला. आजोबा पडल्यावर तो आणि त्याची बायको ओवी डोणगावला राहायला आले. दिवसभर माडीवर बसून दोघं कॉम्प्युटरवर नोकरी करत. चूल घालायची तर चांगुणाबाईला बोलवा, असं त्यांना बाजारात कोणीतरी सांगितलं आणि त्यांनी मला बोलावलं. डोणगावात लग्नाच्या पंगतीचं चुलांगण असो, धाब्याची भट्टी असो की एकट्या म्हातारीची मातीची चूल असो, घालते मीच.

"तुम्ही आमच्या नात्यातल्याच ना हो आजी?" ओवीने चहा देताना विचारलं होतं.

"गावात समदेच कोनाचे ना कोनाचे नात्यातले असतात," मी म्हटलं होतं आणि चहा बशीत ओतला होता.

कुदळ टेकवलेली ती जागा मला डोळे मिटूनही सापडली असती. कडुनिंबापासून चार पावलं विहिरीकडे. कडुनिंब तेव्हा मनगटाएवढा होता.

माझा नवरा विहीर खोदताना दरड कोसळून गेला. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मूल नव्हतं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या आंघोळीचं पाणी घरातल्या चुलीवर तापवत नाहीत. अंगणात तीन दगड मांडतात, चुलीचं तोंड दक्षिणेकडे ठेवतात. पाणी तापलं की ते दगड लाथेने विस्कटून टाकतात. म्हणून जित्या माणसाची चूल दक्षिणेकडे तोंड करून कोणी मांडत नाही. एवढं आमच्यातल्या लेकराला पण कळतं. निदान तेव्हाच्या लेकरांना कळत होतं.

तेरवी झाली आणि सासूने मला वेगळं काढलं. परसातली गोठ्याची पडवी दिली. मी हूं की चूं केलं नाही. शेतातली काळी माती आणली, तिच्यात भुसा आणि शेण कालवलं, पायाने तुडवली, आणि कडुनिंबाजवळ चूल घातली. तोंड नीट पूर्वेकडे केलं. शेजारी वैल पण काढला. वैलाखाली वेगळा जाळ नसतो; चुलीच्या उरलेल्या आचेवर त्याचं भागतं. मी तशीच राहीन, या घराच्या उरलेल्या आचेवर, असं मला वाटलं होतं.

चूल वाळली, सारवली, आणि पहिल्यांदा वरण चढवलं त्या सकाळी सुधाकर परसात आला. पायात जोडे होते. चुलीजवळ जोडे घालून कोणी जात नाही. मी पदर सावरत उठले, तोवर त्याने उजव्या पायाने चूल फोडली. एका लाथेत. आपण मढ्याचे दगड विस्कटतो ना, तशी. वरण मातीत गेलं.

"मेल्याची बायको अन् मेल्याची चूल," तो म्हणाला. "आज चूल मांडली, उद्या वावर मांगशीन. तुही चूल पेटाची नाही. या परसात नाही, कुठीच नाही."

मी अंगावरच्या लुगड्यानिशी निघाले. त्या दिवसापासून आमच्यात विस्तव जात नव्हता. लोक हे बोलायचं म्हणून बोलतात. आमच्या बाबतीत ते खरोखरचं होतं. गावाच्या या टोकाला त्याचं घर, त्या टोकाला माझी खोली, आणि त्याच्या दारातून मी कधी आगपेटीची काडीसुद्धा नेली नाही. माझी चूल पेटली. मी दुसऱ्यांच्या इतक्या चुली पेटवल्या की गावात जेवणाचा घास माझ्या हाताच्या आचेतून जातो. पण त्या परसातल्या मातीचा वास माझ्या नाकातून गेला नाही. काळाने माणूस विसरतो म्हणतात. ज्याची चूल फुटली नाही त्याने हे म्हणावं.

त्याचं अंग गेलं ही बातमी मला बाजारात कळली. मी चुली विकायला बसले होते. उजवा पाय गेला, लोक म्हणाले. ज्यांना जुनं ठाऊक होतं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि देव पाहतो असं काहीबाही म्हणाले. मला आनंद झाला नाही. माझ्यासाठी राखून ठेवलेलं कोणीतरी परस्पर घेऊन गेल्यासारखं वाटलं. देवाला काय घाई होती?

म्हणून श्रेयसने बोलावलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

विटांची नको, काळ्या दगडाची करू, असं मी त्याला पटवलं. आतून पक्की वीट, बाहेरून दगड. त्याला दगड आवडला; फोटोत छान दिसेल म्हणाला. तोंड कुठे करायचं हे त्याने विचारलं तेव्हा मी आधीच उत्तर घेऊन आले होते. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून येतो. चुलीची पाठ वाऱ्याकडे पाहिजे. म्हणजे तोंड आपोआप दक्षिणेकडे.

"लॉजिकल आहे," तो म्हणाला.

तसं ते खरंही होतं. खोटं बोलायची मला गरजच पडली नाही.

दगड सलीमाच्या नवऱ्याने, शकीलने, घडवून दिले. सलीमा माझी शेजारीण. त्या टोकाला राहायला गेले तेव्हापासूनची. चुलांगणाच्या कामाला माझ्याबरोबर येते, माती ती कालवते, मी लावते. तिची जीभ तिच्या फावड्यापेक्षा धारदार आहे. दगडांचा दुसरा थर बसला आणि तोंडाची जागा मोकळी दिसू लागली तेव्हा ती थांबली. सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काऊन वं चांगुणे, हे तोंड कुठी काढून राह्यली तू?"

"वारा तिकडून येते."

"मले नको शिकवू. मी तुह्या संग किती चुली घातल्या? वाऱ्यासाठी तू आडभिंत उभी करतं, तोंड नाही फिरवत." तिने आवाज खाली आणला. "हे त तुमच्यातलं मय्यतीच्या पान्याचं हाये."

"हाव."

"त्या पोराले माहीत हाये?"

"नाही. त्याच्या बायकोले नाही. या घरात एकालेच समजते, अन् त्याची जीभ गेली."

सलीमाने ओसरीकडे पाहिलं. तिथे तो मान एका बाजूला टाकून बसला होता. तिने घमेल्यातली माती माझ्यापुढे सरकवली.

"घे. बदला घ्याचा त घे," ती म्हणाली. "पन अशा म्हताऱ्याचा घेऊन राह्यली की ज्याले नाकावरची माशी हाकलता येत नाही. मोठी पहिलवान तू."

"मी त्याच्या अंगाले हात लावला काय?"

"हात लावला असता त बरं होतं. लवकर सरलं असतं."

दगड बसवत राहिले. सांध्यात बोट घालून पाहत होते, कुठे पोकळी राहू नये. लाथ मारली तर मारणाऱ्याचा पाय मोडावा, अशी मी ती बांधली.

त्याला समजलं ते कमान बसली त्या दिवशी. ओवीने त्याची खुर्ची उन्हात आणली होती. "बघा आजोबा, आपली फायरप्लेस." मी कमानीखालचा टेकू काढला आणि बाजूला झाले, मुद्दाम, म्हणजे त्याला नीट दिसावं. तो पाहत होता. आधी कमानीकडे, मग कडुनिंबाकडे, मग विहिरीकडे. जागा त्याने ओळखली. नंतर त्याची नजर जमिनीवर पडलेल्या सावलीकडे गेली, आणि सावलीवरून तोंडाकडे. डोळे एकदम मोठे झाले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे.

"द..." तो म्हणाला. "द... द..."

डावा हात वर होत होता. बोट कमानीकडे.

ओवी त्याच्यापुढे उकिडवी बसली. "काय आजोबा? काय हवंय?" मग तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "काय म्हणताहेत हो?"

मला स्वच्छ कळलं होतं. त्या घरात त्याचं बोलणं कळणारी त्या घडीला मी एकटीच होते.

"दूध मांगून राह्यले," मी म्हटलं.

ओवी आत गेली. कोमट दूध आणलं, गळ्याभोवती टॉवेल बांधला आणि चमच्याने पाजू लागली. तो मान हलवत होता. दूध ओठांच्या वाकड्या बाजूने हनुवटीवर, हनुवटीवरून टॉवेलवर येत होतं. "द... द..." तो प्रत्येक चमच्यानंतर म्हणत होता, आणि ती म्हणत होती, "हो हो, देते ना अजून."

मी हात धुतले. सलीमा घमेलं उचलून माझ्याआधीच फाटकाबाहेर गेली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी मी घरी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढे रोज तेच झालं. मी धुराडं चढवत होते, तो बाहेर आणला जात होता, द म्हणत होता, दूध पीत होता. एकदा श्रेयस म्हणाला, दही मागत असतील. मग दही आणलं. मी खाली मान घालून सांधे भरत होते.

चूल वाळली. हुरडा भरात आला होता. ओवीने आईला फोन करून विचारलं की नव्या चुलीचं काय काय करायचं असतं. आईने सांगितलं, हळदकुंकू वाहा, दूध उतू घाला, आणि पहिला विस्तव आगपेटीने न पेटवता जुन्या चुलीतला आणा. आता त्यांच्या घरात गॅस. जुनी चूल कुठून आणायची?

"आजी, तुमच्या चुलीतला आणाल का?" तिने विचारलं. "तुम्हीच घातली आहे, तुमच्याच हाताने पेटू दे."

मी हे मागितलं नव्हतं. इतका पुढचा विचार मी सूडातसुद्धा केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना मी माझ्या चुलीतले बाभळीचे निखारे खापरात घेतले, वर राख पसरली आणि निघाले. भर रस्त्याने, बाजारातून, पाराजवळून. जुनी माणसं पारावर होती. चांगुणाबाई, विस्तव कुठी चालला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माह्या दिराच्या घरी.

परसात पुण्याची पाहुणेमंडळी होती. मी निखारे आत ठेवले, वर गोवऱ्या रचल्या, फुंकलं. जाळ धरला. धूर सरळ वर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडे वळले. मला त्याचं तोंड पाहायचं होतं. माझी चूल, त्याच्या परसात, आणि तीही त्याच्याच आंघोळीच्या पाण्याची.

तो द म्हणाला नाही. जाळाकडे पाहत राहिला. मग डावा हात पुढे केला, बोटं पसरली, आणि शेकू लागला. थंडीने गारठलेला कोणीही माणूस शेकतो तसा.

मला राग आला. घाबर की, असं मनात म्हटलं. तो घाबरला नाही. ओवीने गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले, तूप घालून एक तुकडा त्याच्या तोंडात दिला. तो त्याने पूर्ण खाल्ला. काही सांडलं नाही.

"रोज इथंच बसतात आता," ओवीने मला पुढे एकदा बाजारात सांगितलं. "आत नेलं की रडतात. म्हणून मी विस्तव विझूच देत नाही. तुम्ही दाखवलं तसं राखेत पुरून ठेवते."

मी तिला शिकवलं होतं ते खरं. चूल घालून दिली की विस्तव कसा राखायचा ते मी सगळ्यांनाच सांगते. सवयीने तिलाही सांगून बसले होते.

माघात तो गेला. सकाळी श्रेयस स्वतः माझ्या दाराशी आला. रडून डोळे लाल होते. "आजी, काय काय करायचं असतं आम्हाला कळत नाही. ओवी म्हणाली तुम्हाला बोलवावं."

परसात माणसं जमली होती. एक म्हातारा पाण्यासाठी तीन दगड शोधत होता. शोधता शोधता तो माझ्या चुलीपुढे आला आणि थबकला. खाली वाकून पाहिलं.

"अरे, हे त तयारच हाये," तो म्हणाला. "तोंड बराबर दक्षिनेले. कोनं घातली बे ही?"

ज्यांना कळायचं त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. मी पुढे झाले. हंडा चढवला. राखेतला विस्तव उकरला तर खाली लालभडक होता. ओवीने आदल्या संध्याकाळी त्याच्यासाठीच पुरून ठेवलेला.

पाणी तापलं. म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे चूल विस्कटायला पाय उचलला, दगड पाहिले, आणि पाय खाली ठेवला. "हे कसं विस्कटाव?" त्याने मला विचारलं.

"लातेनं फुटाची नाही ती," मी म्हटलं. हे वाक्य मी कधीपासून जपून ठेवलं होतं. ते मला अगदी वेगळ्या माणसासमोर म्हणायचं होतं.

मग मडकं आलं. पुढे धरून न्यायचा विस्तव घरच्या चुलीतला लागतो, आणि त्या घरात दुसरी चूल नव्हती. श्रेयसने चिमटा धरला, निखारा उचलला, तो निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. मी त्याच्या हातातून चिमटा घेतला. एक एक निखारा उचलून मडक्यात टाकला. माझ्या चुलीतून खापरात आला होता तोच, तेव्हापासून न विझलेला. आमच्यात विस्तव जात नव्हता. शेवटी गेला तो माझाच, आणि त्याला तो घेऊन जावा लागला.

माणसं निघाली. बायका आत गेल्या. ओवी माझ्याजवळ आली. "आजी, मला आज पारावरच्या काकांनी सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही आजोबांच्या सख्ख्या भावजय." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी आले.

माझ्या चुलीतला विस्तव सकाळच्या गडबडीत विझला होता. मी काटक्या रचल्या. आगपेटी हातात घेतली. पीठ मळून ठेवलं होतं. भूक लागली होती.

ज्याच्या घरात माणूस गेलं त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही; शेजारपाजारचे भाकरी आणून देतात. पण मला तर सासूने वेगळं काढलं होतं, त्याने चूल फोडून हाकललं होतं. मला त्याचं सुतक लागायचं कारण नव्हतं. आज पेटवली की हिशेब पुरा. तुही चूल पेटाची नाही, तो म्हणाला होता. तो तिकडे जळतो आहे आणि ही बघ पेटली.

काडी ओढली. ती जळत बोटापर्यंत आली. मी फुंकून टाकली. दुसरी ओढली नाही.

दारात सावली पडली. सलीमा होती. हातात झाकलेलं ताट. तिने गार चुलीकडे पाहिलं, रचलेल्या काटक्यांकडे पाहिलं, जळून गेलेल्या काडीकडे पाहिलं. मला वाटलं आता जीभ सुटेल.

ती चप्पल बाहेर काढून आत आली, ताट माझ्यापुढे ठेवलं आणि वरचं फडकं बाजूला केलं. दोन भाकरी आणि बेसन.

"खाय," ती म्हणाली. "मयतीच्या घरी उपाशी राहू नये."